वेदनाशामक विद्युत् तंत्रिका-उद्दीपन

वेदना कमी करण्यासाठी शरीरातील तंत्रिकांना (मज्जातंतूंना) सौम्य विद्युत् स्पंदांनी उद्दीपित करण्याची पद्धती. त्वचेवर चिकटविलेल्या विद्युत् अग्रांतून हे स्पंद दिले जातात, तेव्हा तिला त्वचेमार्गे विद्युत् तंत्रिका-उद्दीपन असे म्हणतात; ‘टेन्स’ या लघुरूपाने ती रुग्णालयांत परिचित आहे. या पद्धतीने मूळ रोग बरा होत नाही, केवळ वेदनेची जाणीव कमी होते. विजेने वेदना शमते हा अनुभव सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. मात्र ती का शमते आणि खरोखर किती शमते, हे प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारले गेले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. या दोहोंतील दीर्घ कालखंड हाच या उपचाराच्या इतिहासाचा मुख्य विषय होय.

प्राचीन उपयोग : रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इ. स. ४७ च्या सुमारास लिहिलेल्या औषधीयोगांच्या ग्रंथात विद्युत् पाकट या माशाचा उपयोग सांगितला आहे. जुनाट डोकेदुखीत जिवंत मासा दुखऱ्या जागी ठेवावा आणि वातरक्ताच्या वेदनेत रुग्णाने समुद्रकाठच्या ओल्या वाळूत अशा माशावर पाय ठेवून, गुडघ्यापर्यंत बधिरता येईतो उभे राहावे, असा त्याचा उपदेश होता. विद्युत् पाकटाच्या काही जाती अरबी समुद्रातही आढळतात. माशाच्या अंगची ही शक्ती म्हणजे वीज होय, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सिद्ध झाले नव्हते.

यंत्रांचा काळ : घर्षणाने वीज निर्माण करणारी यंत्रे व १७४५–४६ मध्ये निघालेले लायडन पात्र यांमुळे वीज साठविणे आणि हवी तेव्हा वापरणे शक्य झाले. जिनीव्हा येथील झां झालाबेर यांनी विजेच्या ठिणग्यांनी पक्षाघातग्रस्त हाताचे स्नायू आकुंचित होतात, असे १७४८ मध्ये नमूद केले. इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात विजेची गरिबांना परवडणारा उपचार म्हणून शिफारस केली. लूईजी गॅल्व्हानी यांचे बेडकाच्या पायांवरील प्रयोग (१७९१), आलेस्सांद्रो व्होल्टा यांची विद्युत् घटमाला (१८००) आणि मायकेल फॅराडे यांचा विद्युत् प्रवर्तनाचा शोध (१८३१) यांमुळे उपचारांसाठी वेगवेगळ्या प्रकारचे प्रवाह उपलब्ध झाले. फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी १८५५ मधील आपल्या ग्रंथात त्वचेवरील विद्युत् अग्रांनी एकेक स्नायू स्वतंत्रपणे उद्दीपित करण्याची रीत मांडली. आजच्या टेन्समधील अग्रे ठेवण्याच्या तंत्राचे मूळ येथे आहे.

भारतातही अशी यंत्रे लवकरच पोहोचली होती. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांच्या संग्रहात वायुपंप, हस्तिदंती अस्थिपंजर यांबरोबर वीज निर्माण करणारे यंत्रही असल्याचा उल्लेख यूरोपीय प्रवाशांच्या वृत्तांतात सापडतो. सरफोजींनी धन्वंतरी महाल ही औषधसंशोधनाची संस्था चालविली होती. पाश्चात्त्य विज्ञान व देशी वैद्यक यांचा एकत्र अभ्यास तेथे होत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोप-अमेरिकेत विजेचे पट्टे, पेट्या व अंगठ्या यांचा सुळसुळाट झाला. संधिवातापासून नपुंसकत्वापर्यंत सर्व व्याधींवर एकच उपाय, अशा जाहिराती होऊ लागल्या. अमेरिकेतील चार्ल्‌स विली केंट यांनी १९१९ मध्ये ‘इलेक्ट्रीट’ या हाती धरावयाच्या उपकरणाचे एकस्व घेतले. रचनेच्या दृष्टीने ते आजच्या टेन्स उपकरणाचे पूर्वज मानता येईल. परंतु त्यासंबंधीच्या अतिरंजित दाव्यांमुळे १९३८ च्या अमेरिकन कायद्यानुसार त्यावर कारवाई झाली. अशा प्रकारांमुळे विद्युत् उपचाराकडे वैद्यकीय वर्ग संशयाने पाहू लागला. उपकरण निरुपयोगी होते असे नव्हे. उपयोगाची मर्यादा कोणी तपासली नव्हती, हा खरा दोष होता.

द्वारनियंत्रण सिद्धांत : हे चित्र १९६५ मध्ये पालटले. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनेचा नवा सिद्धांत मांडला. त्यानुसार मेरुरज्जूच्या पश्चशृंगात एक प्रकारचे द्वार असते. स्पर्श व कंपन यांचे संदेश नेणारे जाड तंत्रिकातंतू कार्यान्वित झाले की, ते काहीसे मिटते आणि बारीक तंतूंतून येणाऱ्या वेदनासंदेशांना अटकाव होतो. ठेच लागलेली जागा चोळल्याने बरे का वाटते, याचा उलगडा या सिद्धांताने होतो. त्याचे तपशील पुढे पुष्कळ बदलले असले, तरी वेदना ही केवळ इजेचे मोजमाप नसून तंत्रिका तंत्र तिचे नियमन करते, हा त्याचा गाभा टिकून आहे.

वॉल व विल्यम स्वीट यांनी प्रथम स्वतःच्या चेहऱ्यातील तंत्रिकेवर प्रयोग केले. नंतर तीव्र जुनाट वेदना असलेल्या आठ रुग्णांच्या तंत्रिकांना दर सेकंदास १०० या वेगाने स्पंद देण्यात आले. उद्दीपन चालू असता दुखऱ्या जागी दाब दिला तरी वेदना होत नसे. परिसरीय तंत्रिकांचे विकार असलेल्या चार रुग्णांना तर दोन मिनिटांच्या उद्दीपनानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम मिळाला. हे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नॉर्मन शीली व त्यांचे सहकारी यांनी मेरुरज्जूवर विद्युत् अग्र बसविण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ही शस्त्रक्रिया कोणास उपयोगी पडेल हे ठरविण्यासाठी आधी त्वचेवरून उद्दीपन करून पाहत. काही रुग्णांना तेवढ्यानेच आराम पडू लागला आणि टेन्स हा स्वतंत्र उपचार बनला. अंगावर बाळगता येईल अशा उपकरणाचे एकस्व अमेरिकेत १९७४ मध्ये देण्यात आले. १९७५ मध्ये शरीरातच निर्माण होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांचा शोध प्रसिद्ध झाला. कमी कंप्रतेच्या उद्दीपनाचा परिणाम काही अंशी या द्रव्यांमार्फत होतो, असे पुढील संशोधनातून दिसून आले.

महाराष्ट्रात विद्युत् उपचारांचा पद्धतशीर प्रसार भौतिकोपचाराच्या शिक्षणाबरोबर झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ च्या सुमारास भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. मुंबईतच हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पक्षाघातात दुबळ्या झालेल्या स्नायूंना उद्दीपन देण्याची परंपरा या क्षेत्रात रुजलेली होतीच. पुढे तिला टेन्सची जोड मिळाली.

उपयोग व मर्यादा : टेन्समध्ये सामान्यतः उच्च (दर सेकंदास सु. ५० ते १००) किंवा नीच (१० हून कमी) कंप्रतेचे स्पंद वापरतात. प्रवाह इतकाच वाढवितात की, मुंग्या आल्यासारखे जाणवावे, पण दुखू नये. उपचाराची पारख करणे मात्र कठीण असते. गोळीऐवजी तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. येथे रुग्णाला प्रवाह जाणवतो, त्यामुळे खऱ्या व खोट्या उपचारांतील भेद लपविणे अवघड जाते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत जुनाट कंबरदुखीवर टेन्स खोट्या उपचाराहून सरस ठरले नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ते देऊ नये असे सुचविले. याउलट ३८१ चाचण्यांच्या २०२२ मधील आढाव्यात उपचार चालू असताना व त्यानंतर लगेच वेदनेची तीव्रता कमी होते, असे आढळले. तेव्हा तात्पुरता आराम बऱ्यापैकी सिद्ध झाला असून दीर्घकालीन लाभाचा पुरावा दुबळा आहे.

या फरकाचे महत्त्व श्रमिकांच्या बाबतीत विशेष जाणवते. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील हमरापूर व जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. मूर्तीची सफाई, रंगकाम व डोळ्यांची आखणी ही कामे तासन् तास एका जागी वाकून करावी लागतात आणि अशा कामात मान, खांदे व कंबर यांवर सतत ताण पडतो. उपकरणाने कारागिराची त्या दिवसाची वेदना उतरेल; परंतु बैठक, कामाची उंची व विश्रांती यांत बदल न झाल्यास तिचे कारण कायम राहील. कमी झालेली वेदना अधिक काम करण्याचा परवाना समजली गेली, तर अपायही संभवतो.

हृदयगतिकारक बसविलेल्या व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्याविना हे उपकरण वापरू नये. गळ्याचा पुढील भाग, बधिर अथवा जखमी त्वचा आणि गर्भवतीचे पोट यांवर विद्युत् अग्रे ठेवीत नाहीत. वेदना ही पुष्कळदा रोगाची पहिली सूचना असल्याने निदान झाल्यावरच ती शमविणे इष्ट असते. अल्प खर्च, औषधविरहितता व रुग्णाच्या स्वतःच्या हाती असलेले नियंत्रण हे या पद्धतीचे गुण आहेत. ती सर्वरोगहारी नाही, हे लक्षात ठेवून वापरल्यासच ते उपयोगी पडतात.