कॅबिंडाचे तेल आणि क्यूबाचे पहारेकरी

महासत्तांचे वैर पेटले की कंपन्यांना बाजू निवडावीच लागते, असे आपल्याला सांगितले जाते. अंगोला पाहा. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, राजधानी सोव्हिएत-समर्थित एमपीएलएच्या हाती आली. अमेरिकन सरकारच्या दबावामुळे गल्फ ऑइलने कॅबिंडातील तेलाचा उपसा थांबवला. पण १९७६ मध्येच कंपनी परतली. पुढे गल्फ शेव्हरॉनमध्ये विलीन झाली. रेगनचे सरकार बंडखोर जोनास साविंबीला शस्त्रे देत होते आणि अमेरिकन कंपनीच्या तेलाला पहारा होता क्यूबाच्या सैनिकांचा! त्याच तेलाच्या पैशावर अंगोला सरकार साविंबीशी लढत होते. मग शत्रू नेमका कोणाचा? वॉशिंग्टनने या सरकारला मान्यता दिली थेट १९९३ मध्ये; कंपनीने ती कधीच रॉयल्टीच्या रूपाने दिली होती. युद्ध २००२ पर्यंत चालले. सुरुंगांनी पाय गेले ते शेतावर निघालेल्यांचे.