धुके की धुरके?

नृसिंहवाडी म्हणजे आमच्या घरच्या भाषेत नुसती 'वाडी'. थंडीत पहाटे कृष्णेवर धुके उतरते, पलीकडचे औरवाड दिसेनासे होते. कृष्णा-पंचगंगेचा संगम म्हटल्यावर धुके यायचेच! पण ऊन चढले, हवा कोरडी झाली, तरी जे हटत नाही ते धुके नव्हे. त्याला मराठीत नेमका शब्द आहे: धुरके.

यंत्रे येण्याआधी वेधशाळेतली माणसे दृश्यता डोळ्यांनीच मोजत. अमुक टेकडी इतक्या अंतरावर, तमुक मनोरा तितक्या. त्यातले सर्वांत लांबचे जे दिसेल, ती आजची दृश्यता. त्या मापाने माझे आजोबाही निरीक्षकच. शिवारात उभे राहून ते वीसेक किलोमीटरवरचे आळते-रामलिंगाकडचे डोंगर दाखवत. आज गळीत हंगामात त्याच बांधावरून बहुतेक दिवस नुसता करडा पडदा दिसतो.

अगदी स्वच्छ हवेत, तत्त्वतः, सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत दिसू शकते. ते अंतर कमी करतात ते एक मायक्रॉनहून लहान कण. त्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास, म्हणून ते प्रकाश सर्वाधिक विखुरतात. दमट हवेत ते पाणी शोषून फुगतात आणि पडदा दाट होतो. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार, त्यामुळे धूर वर जात नाही.

आणि धूर कसला? उसाचे फड पेटवतात तो, गुऱ्हाळांच्या चुलाणांचा, वीटभट्ट्यांचा, वाहनांचा. रत्नाप्पाण्णा कुंभारांनी १९५० च्या दशकात पंचगंगा साखर कारखाना उभा केला, मग या भागात सहकारी कारखानदारी वाढली आणि ऊसही. याच उसाने आमच्यासारख्यांची घरे बांधली, मुले शिकली. त्यामुळे उसाला नावे ठेवणे मला जमणार नाही. पण हंगाम सुरू झाला की मावशीचा दमा बळावतो, हेही खरेच. डोंगर झाकणारे कणच छातीत खोलवर उतरतात.

धुराचा कायदा काही नवा नाही. मुंबईत तो १९१२ साली आला, देशभराचा हवा कायदा १९८१ साली. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात कोल्हापूर आणि सांगली दोन्ही आहेत. वाडी या दोघांच्या मधली, आणि तो कार्यक्रम शहरांचा. धुराला मात्र कुठे नगरपालिकेची हद्द कळते?

पाचट न जाळता सरीत कुजवणारे शेतकरी आहेत. जमिनीत ओल टिकते, खत मिळते. कष्ट मात्र वाढतात.

धुरके वर्षाला थोडे थोडे दाटते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या भावंडांना म्हणूनच सांगणे आहे: थोरली माणसे आहेत तोवर विचारून घ्या, आपल्या गच्चीवरून, बांधावरून कोणत्या महिन्यात काय काय दिसायचे. तारखेसकट लिहून ठेवा. वाडीच्या हवेची जुनी नोंद त्यांच्याच डोळ्यांत आहे.