पुसट झालेले चेहरे



आपल्या बहुतेकांच्या घरी भिंतीवरच्या क्रुसाशेजारी एखादा जुना फोटो असतो. पणजोबा खुर्चीत, पणजी मागे उभी, मुले पायांशी. काचेला चिकटून अर्धा चेहरा गेलेला, उरलेला पिवळा पडलेला. मंडळीतली कुटुंबे असे फोटो आता आमच्याकडे घेऊन येतात आणि विचारतात, "हा नीट होईल का?" उत्तर देण्याआधी या कागदाचा इतिहास पाहिला तर बरे.

फोटो काढण्याची दागेर याची रीत 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. ते चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत असे. पत्रा आरशासारखा चकाकायचा. किंचित तिरका धरला तरच चेहरा दिसायचा. पुढे 1850 साली अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद आला आणि फोटो स्वस्त झाला. हा कागद काळानुसार पिवळा पडतो. त्यानंतर जिलेटिनचा थर आला. जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून काढलेला पदार्थ. पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशीला तो आवडतो. थरातल्या चांदीला हवा लागली की काठाशी निळसर चकाकी येते. धुताना रसायन नीट निघाले नसेल, तर फोटो तपकिरी होतो. म्हणजे फोटो खराब होण्याचे कारण दरवेळी घरच्यांची हयगय नसते.

आपल्या भागातही ही कला लवकर रुजली. इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करणारे लाला दीनदयाळ 1874 च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले. पुढे ते हैदराबादला सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. 1892 साली त्यांनी तिथे पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. ज्या स्त्रियांचे चेहरे घराबाहेर कोणी पाहिले नव्हते, ते चेहरे अशा रीतीने नातवंडांसाठी राहिले.

संगणकात शिरलेला पहिला फोटोही घरगुतीच होता, हे वाचून आम्हाला फार आनंद झाला. 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी स्कॅनर तयार केला आणि त्यात आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो ठेवला. चित्र जेमतेम 176 गुणिले 176 ठिपक्यांचे. नवे यंत्र हाती येताच बापाला आठवले ते लेकराचे तोंड!

आज आम्ही काय करतो? मूळ फोटोला हात न लावता तो 600 डीपीआयला स्कॅन करतो. काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढत नाही, काचेसकट स्कॅन करतो. मूळ प्रत तशीच जपून दुसऱ्या प्रतीवर काम करतो. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. पिवळा डाग निळ्या थरात गडद दिसतो, लाल थरात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून कृष्णधवल फोटोसाठी लाल थर घेतला की पुष्कळ डाग आपोआप जातात. पुसट चेहऱ्यातही फिकट-गडदाचा थोडा फरक उरलेला असतो. तो ताणला की नाक, कपाळ, पदराची किनार वर येते. ओरखड्याच्या जागी शेजारचा भाग उचलून लावता येतो. इथपर्यंत आपण जे आहे तेच उजेडात आणतो.

खरा प्रश्न पुढे आहे. डोळेच गेले असतील तर? कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ते क्षणात बसवतात. चेहरा सुरेख दिसतो, पण ते डोळे पणजीचे नसतात. यंत्राने शिकलेल्या असंख्य परक्या चेहऱ्यांवरून ते बेतलेले असतात. घरात तिचा तो एकच फोटो असेल, तर पुढची पिढी त्या परक्या बाईलाच पणजी समजेल. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा जिवंत शेजाऱ्यापुरती आहे का? जी बाई आता स्वतःसाठी बोलू शकत नाही, तिच्याबद्दलही ती आहेच, असे आम्हाला वाटते. म्हणून चेहऱ्याचा भाग गेलेला असेल तर ती जागा आम्ही मोकळी ठेवतो. कुटुंबाने फारच आग्रह धरला, तर भरलेल्या प्रतीवर तसे स्पष्ट लिहितो आणि मूळ स्कॅनही सोबत देतो.

11 मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये चिखलातून लाखो फोटो गोळा झाले. भिजलेले जिलेटिन जीवाणू फस्त करतात, म्हणून स्वयंसेवकांनी ते घाईने पाण्यात धुतले, वाळवले आणि लोकांना पाहण्यासाठी मांडले. कित्येकांवरचे रंग वाहून गेले होते. तरीही घर गमावलेली माणसे येऊन शोधत राहिली. त्यांना फोटो सुंदर नको होता, आपला हवा होता.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना आरशात अंधुक दिसण्याची उपमा दिली आणि एके दिवशी समोरासमोर पाहू, अशी आशाही दिली. आपल्या पूर्वजांचे चेहरे पूर्ण करणे प्रभूच्या हाती आहे, कारण त्याच्या स्मरणातून कोणी पुसले जात नाही. आपल्या वाट्याला आले आहे ते जपणे आणि खरे सांगणे.

तेव्हा या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. फोटोतल्या प्रत्येकाचे नाव विचारा आणि मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. चेहरा पुसट झाला तर थोडाफार परत आणता येतो. सांगणारे माणूस गेल्यावर नाव कोणत्याही यंत्राला सापडत नाही. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. आपणही आपल्या माणसांना नावाने ओळखू या.