पाण्यातली बाई आणि काठावरचं गाव

आज आपण आचऱ्यात बसलोय, खाडी जवळ, समुद्र जवळ; तेव्हा विषयही पाण्यातलाच घेऊ. हल्ली आपली तरुण मुलं मोबाईलवर इंग्रजीतल्या सायरनच्या कादंबऱ्या वाचतात. समुद्रातली सुंदर बाई, तिचं जीवघेणं गाणं, आणि तिच्या प्रेमात बुडणारा नायक. मोठी माणसं विचारतात, हे कुठलं परकं खूळ? ते खरंच परकं आहे का, एवढंच आज तपासू.

आधी ग्रीकांकडे जाऊ. होमरच्या 'ओडिसी'च्या बाराव्या सर्गात सायरन येतात. त्या दिसतात कशा, हे होमर सांगतच नाही. ग्रीक चित्रकारांनी त्यांना पक्ष्याचं अंग दिलं. माशाची शेपटी आली ती युरोपच्या मध्ययुगात. आणि त्या ओडिसियसला आमिष दाखवतात ते ज्ञानाचं, रूपाचं नव्हे. जगात काय घडतं ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणतात. मोहात पाडणारी बाई ही बाजू पुढच्या लोकांनी ठळक केली.

आता आपल्याकडे या. अप्सरा शब्दातला 'अप्' म्हणजे पाणी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा उर्वशीची विनवणी करतो आणि ती निघून जाते. शतपथ ब्राह्मणात हीच उर्वशी सख्यांबरोबर पाणपक्ष्याच्या रूपात तळ्यात पोहताना भेटते. आणि महाराष्ट्रातल्या साती आसरा? 'आसरा' हे अप्सरेचंच बोलीतलं रूप मानतात. डोहाकाठी, विहिरीपाशी सात दगड, शेंदूर, हळदकुंकू. कुणी बुडालं की लोक म्हणतात, आसरांनी ओढून नेलं.

बघा हं, पाय घसरला असेल, पोहता येत नसेल. पण दोष गेला पाण्यातल्या बाईकडे. खरा प्रश्न इथे आहे.

मराठी कादंबरी सुरुवातीला अद्भुतातच रमली होती. नारो सदाशिव रिसबूडांची 'मंजुघोषा' आली १८६८ साली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी घरातल्या, माजघरातल्या दुःखाकडे वळवली, ते योग्यच झालं. पण काळोखाची ओढ काही संपली नाही. ती आपल्याच जिल्ह्यात पुन्हा वर आली, चिं. त्र्यं. खानोलकरांकडे. जन्म १९३०, वेंगुर्ल्याजवळचा. त्यांच्या 'कोंडुरा'त समुद्राकडून माणसाला सामर्थ्य मिळतं, त्याला ब्रह्मचर्याची अट असते, आणि किंमत मात्र बायका मोजतात. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये त्यावर चित्रपट केला.

आणि १९७० ची 'चानी'. चानी म्हणजे आपल्याकडे खार. ही मुलगी गोऱ्या बापाची, केस सोनेरी, डोळे वेगळे. तिला गाव बाहेर टाकतं. पुरुषांची नजर तिच्यावर, आणि बाधा ठरते तीच. आम्हाला वाटतं, सायरनच्या गोष्टीची ही उलटी बाजू आहे. इथे बाई गावाला बुडवत नाही, गावच एका पोरीला सायरन बनवतं.

आता आचऱ्याकडेच बघा. इथली गावपळण तुम्हाला सांगायला नको. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी बरोबर. लहानथोर झोपड्यांत राहतात, रात्री जागवतात, आणि पुन्हा कौल घेऊन परततात. त्यामागची कारणं वेगवेगळी सांगतात. आम्हाला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: अज्ञाताचा मान राखायचा तर सगळेच बाहेर पडतात. कुणा एकीला बाहेर काढून गाव घरात बसत नाही. चानीच्या गावाने नेमकं तेच केलं.

म्हणून मुलांच्या हातातली कादंबरी काढून घेऊ नका. काळोख, भीती, ओढ हे सगळं आपलंही आहे, जुनं आहे. फक्त वाचून झालं की त्यांना एक प्रश्न विचारा: ह्या गोष्टीत बुडालं कोण, आणि दोष कुणावर आला? नायक बुडाला आणि दोष गाणाऱ्या बाईवर आला, असं उत्तर मिळालं, तर 'चानी' त्यांच्या हातात द्या.

आता प्रश्न घेऊ.