शेजारी काढलेला डोळा

साल 1525. फ्लॉरेन्स शहरातल्या व्हिया मोत्झा या रस्त्यावर मायकेलअँजेलोचं घर आणि कारखाना आहे, आणि तिथल्या एका टेबलाशी तुम्ही बसला आहात. संगमरवराची पांढरी भुकटी सगळीकडे आहे. बाकावर, बाहीवर, अगदी ओठांवरसुद्धा. समोर चिंध्यांच्या लगद्याचा जाडसर कागद. बोटांत तांबड्या खडूचा तुकडा. काढायचं आहे ते एवढंच: बाजूने दिसणारा माणसाचा डोळा.

डावीकडे अंतोनिओ मिनी बसलाय, विशीच्या उंबरठ्यावरचा. गुरूचे निरोप पोहोचवायचे, सांगेल ती कामं करायची आणि वेळ मिळेल तसं चित्र शिकायचं, हा त्याचा दिनक्रम. उजवीकडे आंद्रेआ क्वारातेसी, सावकारी घराण्यातला पोरगेला मुलगा. गुरू सकाळपासून सान लोरेन्झो चर्चमध्ये आहेत. तिथे मेदिची घराण्यातल्या माणसांच्या समाध्यांचं काम चाललंय.

तुम्ही पहिला डोळा काढता. बदाम होतो. दुसराही बदामच, फक्त थोडा मोठा. तिसऱ्याला तुम्ही पापण्यांचे केस नीट कोरता, बुबुळ गडद करता, मेहनत दिसावी म्हणून सावलीही भरता. तरी बदाम तो बदामच. पावाचा मऊ गर घेऊन खडू पुसायला जाता (खोडरबर यायला अजून अडीचशे वर्षं आहेत), तर कागदावर तांबूस डाग पसरतो. आंद्रेआनं एव्हाना खडू खाली ठेवलाय. त्याला कंटाळा आलाय आणि तो लपवायचं त्याचं वय नाही.

गुरू येतात. पन्नाशीचा माणूस, तरुणपणी एका सोबत्याच्या ठोशानं चेपलेलं नाक. तुमच्या कागदाकडे ते बघतात. आता बोलणी बसणार म्हणून तुम्ही मान खाली घालता. ते काही बोलत नाहीत. तुमच्याच हातातला खडू घेतात आणि तुमच्या तिसऱ्या डोळ्याच्या शेजारी, दोन बोटं जागा सोडून, एक डोळा काढतात.

त्यांचा हात कुठून कुठे जातो ते बघा. पापणीच्या केसांकडे ते वळतसुद्धा नाहीत. आधी बुबुळाच्या मागचा गोळा, खोबणीत बसलेला. मग त्या गोळ्यावरून वळून जाणारी वरची पापणी. पापणीला जाडी असते, तिची एक कड उजेडात आणि दुसरी सावलीत असते, हे तुम्ही आरशात रोज पाहून कधी पाहिलं नव्हतं. तुमचा डोळा चेहऱ्यावर चिकटवलेला होता. हा कवटीच्या आत आहे. कुणी सांगावं लागत नाही. एकच कागद, एकच खडू, मधे दोन बोटांचं अंतर. चूक कुठे झाली ते तुमचं तुम्हालाच दिसतं.

ही दोन बोटांची जागा मला फार मोलाची वाटते. याच माणसानं लहानपणी नेमकं उलट केलं होतं. घिरलांदायो या चित्रकाराच्या कारखान्यात शिकत असताना सोबतच्या एका मुलानं गुरूच्या चित्रावरून वस्त्रं ल्यालेल्या काही स्त्रिया शाईनं उतरवल्या होत्या. मायकेलअँजेलोनं जाड टाक घेतला आणि त्यातल्या एकीची बाह्यरेषा वरूनच दुरुस्त केली. चरित्रकार वसारीनं तो कागद जपून ठेवला आणि 1550 मध्ये रोमला नेऊन म्हाताऱ्या मायकेलअँजेलोला दाखवला; त्यानं तो ओळखलाही. पोराच्या धिटाईचं कौतुक करायला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला त्या दुसऱ्या मुलाबद्दल वाटत राहतं. त्याची रेषा जाड शाईखाली गेली, आणि वसारीनं त्याचं नावही दिलेलं नाही.

आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी करून घेताना सरांनी मुलाची सुरई खोडून स्वतःच काढून दिलेली कुणी पाहिली नाही? कागद देखणा होतो. मुलाला मात्र आपली सुरई कुठे कलंडली ते कधीच कळत नाही.

पण हे गुरू मवाळ आहेत असं समजू नका. शिष्यांच्या सरावातल्या डोळ्यांचा आणि केसांच्या बटांचा असा एक कागद आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूला शिष्यानं गिरवलेले चेहरे आहेत, आणि त्यांच्यावरूनच मायकेलअँजेलोनं टाकानं वेटोळं घातलेला एक जबरदस्त ड्रॅगन काढलाय. कागद वाया घालवायचा नसे.

इकडे टेबलाशी आंद्रेआचा कंटाळा अजून गेलेला नाही. त्याच कागदाच्या डोळ्यांच्या बाजूवर शब्द उमटतात: ‘आंद्रेआ, धीर धर.’ दुसरा एक कागद, जो पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाणार आहे, त्यावर गुरूंनी अंतोनिओसाठी बाळाला घेतलेली मेरी काढून दिली आहे. अंतोनिओनं ती गिरवली आहे आणि त्याच्या मेरीत जीव नाही. त्या कागदावर लिहिलंय: ‘काढ, अंतोनिओ, काढ, अंतोनिओ, काढ, वेळ दवडू नकोस.’ हात चुकला की डोकं चुकलं, याबद्दल दोन्हीकडे अक्षर नाही. ते काम चित्रानं करून टाकलंय. शब्द फक्त पोराला टेबलावरून उठू न देण्यासाठी.

अंतोनिओ पुढे मोठा चित्रकार झाला नाही. 1531 मध्ये गुरूंनी त्याला ‘लेडा’ हे आपलं चित्र आणि पेट्या भरून रेखाटनं देऊन टाकली. ती घेऊन तो फ्रान्सला गेला आणि 1533 मध्ये तिथेच वारला. इच्छा होती, पण बुद्धी त्या कामाची नव्हती, असं वसारीनं त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. असेलही. पण मेदिचींच्या समाध्या अर्धवट असताना मायकेलअँजेलो या मंद हाताच्या पोरासाठी मेरी काढायला बसला. वसारीच्या निकालापेक्षा मला ते जास्त खरं वाटतं.

गुरू आत गेलेत. आंद्रेआनं खडू उचललाय. तुम्ही चौथा डोळा आधी गोळा काढून सुरू करता, मग त्यावरून पापणी वळवता. वरची पापणी जमते. खालची मात्र सपाट राहते. शेजारच्या डोळ्यात ती कशी वळली आहे ते तुम्ही वाकून बघता आणि पाचवा घेता.