गर्भवती स्त्रियांची एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतातील एचआयव्हीचा इतिहास 1986 पासून सुरू होतो. त्या वर्षी मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन (पूर्वाश्रमीच्या गायतोंडे) आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्या संशोधनातून देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात हा विषाणू आढळला. या पहिल्या नोंदीमुळे रोगाची ओळख एका विशिष्ट वर्गाशी जोडली गेली. घरसंसारातील स्त्री या चित्रात दीर्घकाळ नव्हतीच.

ती आली ती प्रथम आकडा म्हणून. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि 1998 पासून देशात प्रहरी सर्वेक्षण नियमितपणे होऊ लागले. प्रसूतिपूर्व तपासणीत गुप्तरोगासाठी घेतलेल्या रक्तातील उरलेला भाग नाव-पत्ता काढून एचआयव्हीसाठी तपासला जाई. गर्भवतींमधील प्रमाण एक टक्क्याहून अधिक असणे ही 'उच्च प्रसाराचे राज्य' ठरविण्याची एक कसोटी होती आणि महाराष्ट्र त्या यादीत होता. ज्या स्त्रीच्या रक्तावरून राज्याचे स्थान निश्चित झाले, तिला मात्र स्वतःचा निष्कर्ष कधीच कळला नाही. निनावी पद्धतीत तो कळविणे शक्यही नव्हते. उपचारच नसताना या पद्धतीचे समर्थन करता येत होते. परंतु झिडोव्ह्युडिन या औषधामुळे मातेकडून बालकास होणारा संसर्ग 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर येतो, हे अमेरिका व फ्रान्समधील चाचणीने 1994 मध्येच सिद्ध केले होते. तो औषधोपचार महाग व दीर्घ होता हे खरे. तरीही 1998 मधील मौन केवळ वैज्ञानिक अज्ञानाचे नव्हते, असेच म्हणावे लागते.

1999 मध्ये युगांडातील संशोधनाने परिस्थिती बदलली. प्रसूतिकळा सुरू होताच मातेस नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर 72 तासांच्या आत बालकास औषधाची एक मात्रा, एवढ्याने संसर्ग जवळजवळ निम्म्याने घटत होता. भारतात 2000 मध्ये निवडक वैद्यकीय महाविद्यालयांत झिडोव्ह्युडिनचा व पुढे नेव्हिरॅपिनचा प्रयोग होऊन त्यातून राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. चाचणीपूर्वी माहिती, संमती आणि निष्कर्षानंतर पुन्हा समुपदेशन हा त्याचा क्रम होता. 'समुपदेशक' हे पद सरकारी रुग्णालयांत रूढ होण्यास या कार्यक्रमाचा मोठा हातभार लागला.

कागदावर सोपा असलेला हा क्रम महाराष्ट्रातील कुटुंबरचनेत मात्र अडखळत असे. रुग्णालयात येणारी पत्नी असल्याने तपासणी प्रथम तिचीच होई. परिणामी संसर्ग पतीकडून आलेला असला, तरी घरात तो 'आणल्याचा' ठपका तिच्यावर येण्याचा धोका असे. दुसरी अडचण पहिल्या बाळंतपणाची. नावनोंदणी सासरच्या गावी, सातव्या महिन्यानंतर प्रस्थान माहेरी! केसपेपर एका जिल्ह्यात आणि प्रसूतिकळा दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती होई. गोळी आधीच हाती दिली, तरी ती आईपासून लपवून कोठे ठेवावी, हा प्रश्न औषधशास्त्राच्या कक्षेबाहेरचा होता. बाळाला अंगावर का पाजत नाहीस, या शेजारणीच्या साध्या चौकशीतूनही गुपित फुटू शकत असे. पतीला सोबत आणण्याचा समुपदेशकांचा आग्रह या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

दरम्यान 2006 मध्ये समुपदेशन व चाचणीची स्वतंत्र केंद्रे एकत्रित झाली. 2007 मध्ये कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे देशातील बाधितांचा अंदाज सुमारे 52 लाखांवरून 25 लाखांवर आला. गर्भवतींच्या निनावी नमुन्यांवर मुख्यतः विसंबून केलेले गणित अतिरंजित होते, हे त्यातून दिसले. 2014 पासून बाधित गर्भवतीस आजीवन औषधोपचार देण्याचे धोरण देशभर स्वीकारले गेले. प्रसूतीच्या क्षणापुरती मर्यादित असलेली काळजी त्यामुळे स्त्रीच्या स्वतःच्या आयुष्यापर्यंत पोहोचली.

संमती व समुपदेशन यांना कायद्याचे बळ मिळाले ते 2017 च्या एचआयव्ही-एड्स अधिनियमाने. तो 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. निनावी सर्वेक्षणास या अधिनियमाने संमतीच्या अटीतून सूट दिली आहे. मात्र ज्यांचे रक्त घेतले जाते, त्यांना सर्वेक्षणाचा हेतू सांगितला पाहिजे, असे परंतुक त्याच कलमास जोडलेले आहे.