कॉर्टिसोन : एका वरदानाची पूर्वपीठिका

संधिवाताने जखडलेल्या मनुष्यास कावीळ व्हावी आणि तीमुळे तो हिंडूफिरू लागावा, ही कथा एखाद्या वैदूच्या तोंडी शोभण्यासारखी आहे. परंतु विसाव्या शतकातील औषधशास्त्राच्या एका मोठ्या शोधाचा उगम तिच्यातच आहे. अमेरिकेतील रोचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये १९२९ साली फिलिप हेंच यांच्याकडे एक वृद्ध रोगी आला. तोही पेशाने डॉक्टरच होता. कावीळ झाल्यापासून आपले सांधे दुखेनासे झाले, असे तो सांगू लागला. दुसऱ्या कोणी हे ऐकून सोडून दिले असते. हेंच यांनी मात्र असे रोगी टिपून ठेवण्यास प्रारंभ केला. गर्भारपणातही कित्येक स्त्रियांचा हा रोग ओसरतो व प्रसूतीनंतर पुन्हा उलटतो, असे त्यांना पुढे आढळून आले. कावीळ स्त्रीपुरुष दोघांसही होते. तेव्हा गुण देणारे द्रव्य निव्वळ स्त्रीदेहातले नसावे, आणि गर्भवतीस कावीळ नसते, तेव्हा ते पित्तही नसावे, असा तर्क बांधून त्यांनी त्या अज्ञात द्रव्यास 'एक्स' हे नाव दिले.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनज्ञ मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क निवडण्यात गढलेले होते. या ग्रंथी नासल्या म्हणजे माणूस क्षीण होत जातो, त्याची कातडी काळवंडते व अखेर तो मरतो, हे लंडनच्या टॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ सालीच दाखवून दिले होते. केंडल यांनी जनावरांच्या ग्रंथी टनावारी खर्ची घालून त्यांतून जी स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली, त्यांपैकी एक 'संयुग ई' होय. स्वित्झर्लंडात टाडेउश राइखश्टाइन हेही याच मार्गाने चालले होते. १९४१ साली हेंच आणि केंडल यांनी हे 'ई' संधिवातावर देऊन पाहावे असे ठरविले. पण द्यावयास ते होते कुठे? जर्मन वैमानिक अधिवृक्क ग्रंथींचा अर्क घेऊन अतिउंचावर उडतात, अशी एक आवई युद्धकाळात उठली. ती खोटी होती. तथापि तिच्यामुळे अमेरिकन सरकारने या संशोधनास जोर लावला, आणि मर्क कंपनीच्या लुइस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तापासून, तिसाहून अधिक पायऱ्या चढून, ते द्रव्य तयार केले. खोट्या बातमीने इतके खरे काम क्वचितच करून घेतले असेल!

२१ सप्टेंबर १९४८ रोजी एकोणतीस वर्षांच्या एका स्त्रीस पहिली सुई टोचण्यात आली. अंथरुणात कूस बदलणेही तिला दुर्धर झाले होते. आठवडा उलटतो न उलटतो तोच ती बाजारहाट करून आली. १९५० साली हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या त्वरेने हा मान फार थोड्या शोधांच्या वाट्यास आला आहे.

परंतु औषध थांबविताच रोग परत येई. चालू ठेवावे तर चेहरा चंद्रासारखा वाटोळा होई, हाडे पोकळ होत, रक्तात साखर चढे, मन भ्रमिष्ट होई. हेंच यांनी स्वतःच हा रोगाचा समूळ उपाय नव्हे, असे बजावले होते. त्यांचा मूळ तर्कही अर्धाच खरा होता. कारण संधिवाताच्या रोग्यात हे द्रव्य सहसा उणे नसतेच.

मग एकच द्रव्य इतक्या ठिकाणी हात कसा घालते? याचा उलगडा पुढच्या पिढीने केला. इन्सुलिनसारखी संप्रेरके पेशीच्या दाराशी थांबून आत निरोप धाडतात. स्टेरॉइडे स्निग्ध जातीची असल्याने पेशीच्या स्निग्ध वेष्टनातून थेट आत शिरतात. तेथे त्यांस धरून ठेवणारे एक प्रथिन असते, हे शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी १९५८च्या सुमारास, किरणोत्सर्गी हायड्रोजनाने चिन्हांकित केलेल्या स्त्री-संप्रेरकाचा माग काढून दाखविले. या प्रथिनास 'ग्राही' म्हणतात. कॉर्टिसोन यकृतात कॉर्टिसोल बनते, ग्राहीस चिकटते, आणि ती जोडी केंद्रकात जाऊन काही जनुकांस जागवते, काहींस निजवते. दाह वाढविणारी प्रथिने बनेनाशी होतात. सांध्याची सूज उतरते ती यामुळे. पण हा ग्राही हाडांच्या, यकृताच्या, मेंदूच्या, किंबहुना जवळजवळ सर्वच पेशींत आहे. म्हणजे गुण व अवगुण या दोन निराळ्या करणी नव्हेत. तोच हुकूम ठिकठिकाणी पाळला जातो, एवढेच. गुण ठेवून अवगुण तेवढे गाळण्याची रसायनज्ञांची धडपड पूर्णपणे सफल झालेली नाही, याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट चमत्कारिक आहे. बाहेरून संप्रेरक येत राहिले की मस्तकातील पोष ग्रंथी अधिवृक्कास जागे करण्याचे सोडून देते, आणि ती ग्रंथी सुकत जाते. अशा वेळी औषध एकाएकी तोडले तर अ‍ॅडिसन यांनी वर्णिलेलीच दशा रोग्यास प्राप्त होते. म्हणूनच दीर्घकाळ घेतलेल्या औषधाची मात्रा पायरीपायरीने उतरवितात.

२०२० साली कोरोनाच्या साथीत इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत याच कुळातील डेक्सामेथासोनाने श्वसनयंत्रावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटविले. ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती त्यांस मात्र काहीच लाभ झाला नाही. हा दुसरा निष्कर्ष आपल्याकडे पुष्कळांच्या कानी पडला नाही. सौम्य तापावरही गोळ्या दिल्या-घेतल्या गेल्या, मधुमेह्यांची साखर भडकली, प्रतिकारशक्ती खचली, आणि २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्रात व गुजरातेत कित्येकांचे डोळे, जबडे व प्राणही नेले.